तळटीप : पोट उघडण्याची गरज
पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेला लेखक येथे कालबाह्य म्हणतात. अंडाशयाच्या पसरलेल्या कर्करोगाबाबत ते मान्य करता येत नाही. हा रोग एका जागी थांबत नाही. त्याच्या पेशी पोटातल्या द्रवाबरोबर फिरतात आणि आतड्यांच्या घड्यांत, त्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर, श्वासपटलाच्या खालच्या अंगाला रुजतात. हे सारे कोपरे पाहायला आणि हाताने चाचपायला बेंबीच्या वरपर्यंतचा उभा छेद लागतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत वेदना कमी आणि घरी जाणे लवकर, हे खरेच. रोगाचा पसारा जोखायलाही ती उपयोगी पडते. पण काढताना अखंड गाठ फुटली, तर अंडाशयापुरत्या रोगाचाही टप्पा वर सरकतो.

आधी केमोथेरपी द्यावी, हा आक्षेप अधिक वजनदार. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत, बळावलेल्या रोगात, तो क्रम आयुर्मानाच्या दृष्टीने कमी ठरला नाही. मात्र दोन्ही गटांत, डोळ्यांना दिसणारा रोग ज्यांच्या पोटात उरला नाही त्या स्त्रिया अधिक काळ जगल्या. म्हणजे बदलला तो क्रम; शस्त्रक्रिया टळली नाही. अर्थात जास्त कापणे म्हणजे चांगले, असेही नव्हे : निरोगी दिसणाऱ्या लसीकाग्रंथी सरसकट काढून आयुष्य वाढत नाही, गुंतागुंत मात्र वाढते, हे २०१९ च्या चाचणीने दाखवले आहे. — संपादक