कर्ण्यापुढील गायक

घरच्या घरीं डिजिटल यंत्रावर गाणें मुद्रित करतांना आवाजाची पातळी किती ठेवावी, हा प्रश्न आज अनेकांस पडतो. ती फार खालीं राहिली तर मागाहून आवाज वाढवितांना खरखरही वाढते. फार वर गेली तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जाऊन स्वर फाटतो, व तो पुन्हा सांधतां येत नाहीं. प्रश्न मुळांत ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. पूर्वीं त्याचा भार गायकाच्या गळ्यावर पडे, इतकेंच.

१९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यांत शिरलेल्या ध्वनीच्याच जोरानें पडदा हालावयाचा आणि सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची. म्हणून कर्ण्याशीं तोंड नेऊन खड्या आवाजांत गावें लागे. हळुवार कुजबुज रेघेवर उमटतच नसे.

१९२५ सालीं अमेरिकेंत विजेचें मुद्रण व्यवहारांत आलें, आणि पातळी जुळविण्याचें काम गळ्याकडून यंत्राच्या खुंटीकडे गेलें. मिरजेच्या अब्दुल करीमखांच्या १९०५ च्या सुमाराच्या व १९३४ नंतरच्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्या. वयाचा फरक वजा घातला तरी दुसऱ्या खेपेस खांसाहेबांस ओरडावें लागलें नाहीं, हें कानास कळतें. पहिल्या तबकड्यांवरून त्या पिढीस कर्कश ठरविणारे रसिक मला अन्यायी वाटतात. ते ज्यास दोष देतात तो पुष्कळसा कर्ण्याचा आहे.

आतांच्या २४ बिटांच्या यंत्रावर सर्वांत चढा स्वर कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खालीं ठेवला तरी खरखर जाणवत नाहीं. गाणाऱ्यानें मात्र नेहमींच्याच आवाजांत गावें.