वटवाघूळ शुभ कसं? गारा साडीची गोष्ट

आमच्या बीबीत, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, तिन्हीसांजेला घरात वटवाघूळ शिरलं की आजी ओरडते, "हाकला त्याला, चांगलं लक्षण नाही!" त्यामुळे चिनी भरतकामात वटवाघूळ शुभ असतं हे वाचलं, तेव्हा वाटलं भाषांतरात घोळ झालाय.

घोळ नाही. चिनी भाषेत वटवाघळाच्या नावात 'फू' येतं आणि सुखसमृद्धीलाही 'फू'च म्हणतात. अक्षरं वेगळी, उच्चार एकच. म्हणून पाच वटवाघळं काढली की पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी शांत मरण. मासा 'यू', शिल्लक राहणंही 'यू'. म्हणजे मासा काढायचा आणि मनात म्हणायचं, वर्षाअखेर घरात काही उरू दे. अर्धं चित्र, अर्धा श्लेष!

ही नक्षी आपल्याकडे आणली पारशी व्यापाऱ्यांनी. 19व्या शतकात ते मुंबईहून कँटनला, आजच्या ग्वांगझौला, जायचे आणि भरतकाम केलेलं रेशीम आणायचे. त्यातूनच पारशी बायकांची गारा साडी आली. (शेतकरी मंडळी, दचकू नका, या गारा वेगळ्या.) तिच्यावर दीर्घायुष्याचा करकोचा असतो, वैभवाचं पिओनी फूल असतं.

पण मुंबईच्या गुजराती बोलणाऱ्या घरात 'फू' आणि 'यू' कुणाला कळणार? बायकांनी दिसेल तशी नावं ठेवली. एका फुलाची नक्षी झाली 'करोळिया', म्हणजे कोळी, जाळं विणतो तो. ठिपके झाले 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदा-बटाटा. माणसं आणि पॅगोडे असले की 'चीना-चीनी'. कृतिदेवमधली फाईल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडल्यासारखं झालं. फरक इतकाच की इथे जे दिसलं तेही लोकांना आवडलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं.

आता जरा कडू भाग. कँटनला जाणाऱ्या जहाजांत कापूस असायचा, तशी माळव्याची अफूही. जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टला ज्यांचं नाव आहे, त्या जमशेटजी जीजीभॉयांच्या (1783–1859) संपत्तीतही अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. त्यांनी दान भरपूर केलं, ते खोटं नाही. पण चीनने अफू रोखायला घेतली, तेव्हा इंग्रजांनी 1839 ते 1842 युद्ध करून त्यांना नमवलं. इकडून व्यसन जायचं आणि तिकडून दीर्घायुष्याचा करकोचा यायचा, वाट तीच. गारा बघताना मला ते दोन्ही दिसतं, आणि तरी साडी सुंदरच वाटते. काय करणार?

परवा फोनवर आजीला 'फू'ची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "असंल त्यांच्याकडं शुभ. आपल्या घरात शिरलं तर आधी लाईट बंद कर अन् दार उघड."