शस्त्रक्रियेची तालीम

असोद्याचे भरिताचे वांगे चिरून कोणी वैद्य झाल्याचे ऐकिवात नाही; पण सुश्रुताने शिष्यांना छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवरच करावयास सांगितले आहे.

१९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिए यांनी बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला विजेने चेतविले. १९७८ साली मेलबर्नला क्लार्क यांनी अनेक विद्युदग्रांचे यंत्र कानात बसविले. काम मोठे जिकिरीचे. कानामागचे हाड कोरीत, चेहऱ्याच्या मज्जातंतूला लागून असलेल्या दोनचार मिलिमीटरांच्या वाटेने, गोगलगाईच्या शंखासारख्या नलिकेत तार सरकवावयाची! हात चुकला तर चेहरा लुळा पडावयाचा, आणि रोगी कित्येकदा लहान पोर. म्हणून शिकाऊ वैद्य आधी मृताच्या कानाचे हाड कोरीत. पण ते मिळावयाचे किती?

आता संगणक ते हाड पडद्यावर उभे करतो, हाताला त्याचा कठीणपणाही जाणवून देतो. चुकले तर पुन्हा आरंभ. डेन्मार्कमध्ये तयार झालेले असे एक साधन तर विनामूल्य मिळते.