वासरांचे लंपी-लसीकरण (कमलनगर परिसर)

लंपी चर्मरोगापासून बचावासाठी वासरांना दिली जाणारी प्रतिबंधक लस. बिदर जिल्ह्यातील कमलनगर, औराद, भालकी आणि सीमेपलीकडील महाराष्ट्रातील उदगीर, देवणी हा देवणी गोवंशाचा मूळ टापू असल्याने येथे या लसीकरणाला विशेष महत्त्व आहे. वानेरा, बालंक्या, शेवेरा हे या गोवंशाचे तीन रंगप्रकार. चांगल्या गोऱ्ह्याला बाजारात मोल असते आणि अंगावर राहिलेले गाठींचे वण ते मोल उतरवतात.

रोगाचा विषाणू देवीच्या कुळातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊबंद. 1929 मध्ये आजच्या झांबियात हा रोग प्रथम नोंदला गेला. भारतात तो 2019 साली ओडिशात आढळला. एडिस इजिप्ती डासाने बाधित जनावराच्या गाठीवर रक्त प्यायल्यास पुढचे दोन ते सहा दिवस तो रोग पसरवू शकतो, असे प्रयोगात दिसले आहे. विषाणू डासात वाढत नाही, नुसता सोंडेवरून वाहून नेला जातो. चावऱ्या माश्या आणि गोचीडही हेच काम करतात. त्यामुळे पावसाळ्यात उकिरडा व डबक्याशेजारचा गोठा धोक्याचा. ताप, अंगभर गाठी, पायांना व गळ्याखालच्या पोळीला सूज ही लक्षणे. माणसाला हा रोग होत नाही.

2022 च्या साथीत महाराष्ट्र व कर्नाटक दोन्हीकडे जनावरांच्या बाजारांवर आणि वाहतुकीवर बंदी आली आणि गोट पॉक्स, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली. महाराष्ट्रात ती चार महिन्यांवरील जनावरांना एक मिलि, मानेच्या कातडीखाली, अशी दिली गेली. खरी अडचण त्या वयाखालच्या वासरांची आहे. लस घेतलेल्या किंवा रोगातून उठलेल्या गाईच्या चिकातून वासराला प्रतिपिंडे मिळतात. ती अंगात असेपर्यंत टोचलेली लस वाया जाऊ शकते. म्हणून अशा वासराला तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान टोचावे, अशी जागतिक पशुआरोग्य संघटनेची शिफारस आहे. ज्याची आई रोग आणि लस दोन्हींपासून कोरी, त्या वासराला कुठल्याही वयात चालते. मोहीम मात्र गावात एकदाच येऊन जाते. त्या दिवशी दोन महिन्यांचे असलेले वासरू सुटते, आणि सुटले ते सुटलेच. व्यायल्याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवणारा मालक अशा वेळी दवाखान्याला बरीच मदत करतो.

लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. द्रावण मिसळल्यावर बाटली बर्फात ठेवून लवकर संपवावी लागते, म्हणून आधी जनावरे गोळा करून मगच ती फोडतात. प्रत्येक जनावराला सुई वेगळी हवी. एकाच सुईने दावण टोचत जाणे म्हणजे डासाचे काम आपण करणे. टोचल्या जागी थोडी गाठ येते, ती आपोआप बसते. संरक्षण तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. त्या काळात लंपी झाली तरी लसीलाच बोल लागतो.

लंपीच्याच विषाणूपासून ‘लम्पी-प्रोवॅकइंड’ ही लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसह तयार केली. ती 10 ऑगस्ट 2022 रोजी जाहीर झाली. कर्नाटकातील मालूरच्या बायोव्हेट कंपनीच्या ‘बायोलम्पीव्हॅक्सिन’ला फेब्रुवारी 2025 मध्ये परवाना मिळाला. लस दिलेले जनावर आणि रोग होऊन गेलेले जनावर तपासणीत वेगळे ओळखता येते, असा कंपनीचा दावा आहे.