बुक बँकेपासून मुक्त पुस्तकापर्यंत

कॉलेजच्या ग्रंथपालाचा इतिहास कुणी लिहिलाच, तर तो कपाटांचा आणि वर्गांकांचा निघेल. मला विचाराल तर तो एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: ज्याला पाठ्यपुस्तक परवडत नाही, त्याचं काय करायचं? तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होते. जूनमध्ये देवघेवीच्या खिडकीशी येणारी मुलं कादंबऱ्या मागत नसत. ‘मॅडम, बुक बँक सुरू झाली का?’ एवढंच विचारत.

बुक बँक हे या प्रश्नाचं पहिलं नीटस उत्तर. थोडं डिपॉझिट भरा, वर्षभरासाठी संच घरी न्या, परीक्षा झाली की परत करा. यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाकडून पैसे मिळत. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी 1978-79मध्ये केंद्र सरकारची स्वतंत्र योजनाही आली. पण संच मोजके आणि मागणारे भरपूर. त्यात अभ्यासक्रम बदलला की अख्खं कपाट रद्दीत.

दुसरं उत्तर बाहेरून आलं. ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणाऱ्या ‘ईएलबीएस’च्या स्वस्त आवृत्त्या आणि मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पुस्तकं. इरोडोव्हची भौतिकशास्त्राची गणितं सोडवलेली एक पिढीच आपल्याकडे आहे. ही स्वस्ताई शीतयुद्धाच्या काळातली होती. दोन्ही बाजूंना आपल्या मुलांच्या टेबलावर जागा हवी होती. 1991मध्ये सोव्हिएत संघ संपला, 1997मध्ये ‘ईएलबीएस’ही बंद झालं. दुसऱ्याच्या कृपेने मिळालेलं स्वस्त पुस्तक त्याच्या सोयीने बंद होतं, हे आम्ही तेव्हा शिकलो.

मग राहिलं झेरॉक्स. ग्रंथालयातून दोन तासांसाठी संदर्भग्रंथ न्यायचा आणि गेटबाहेरच्या दुकानातून प्रकरण काढून आणायचं, ही सगळ्या कॉलेजांची रीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या अशाच एका दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 2012मध्ये दावा लावला. 16 सप्टेंबर 2016ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, तरी शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या प्रती काढायची मुभा मान्यच केली. 2017मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. निकाल मोलाचा, पण त्याने मिळाली ती प्रत काढायची मुभा. पुस्तक प्रकाशकाचंच राहिलं.

पुस्तकाची मालकीच सैल करायचा विचार याआधीच सुरू झाला होता. एप्रिल 2001मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर फुकट ठेवायचं जाहीर केलं. 2002च्या जुलैमध्ये पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ हे नाव ठरलं आणि त्याच वर्षअखेरीस आपलं लेखन इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने 2003मध्ये व्याख्यानं नेटवर ठेवणारं ‘एनपीटेल’ सुरू केलं. पुढे पदव्युत्तर विषयांची ‘ई-पीजी पाठशाला’ आली, आणि 2018मध्ये खरगपूर आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशाला अर्पण झालं.

इथे अनेकांना वाटलं, आता ग्रंथपाल कशाला? उलट काम वाढलं. फुकट दिसणारं सगळं मुक्त नसतं. एक पीडीएफ कुणीतरी चोरून चढवलेली असते, दुसरी फक्त वाचायला असते, तिसरी बदलून वापरायचीही परवानगी असते. हा फरक पाहायचा तो परवान्याच्या ओळीत, आणि ती ओळ वाचायची सवय ग्रंथपालाला. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या घटकाशी नेमकं कोणतं प्रकरण जुळतं, हे प्राध्यापकाबरोबर बसून लावायचं. नेट नसलेल्या मुलासाठी ते पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायचं. तेही नसेल त्याला छापून द्यायचं. बुक बँकेचंच काम, फक्त संच परत मागायचा नाही.

अडतं ते भाषेपाशी. कला आणि वाणिज्यच्या आमच्या बहुतेक मुलांनी उत्तरपत्रिका मराठीत लिहिल्या. वाईचा विश्वकोश नेटवर खुला आहे, साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पण पदवीच्या पेपरला लावावं असं मराठी मुक्त पाठ्यपुस्तक शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने 2012पासून पदवीची पूर्ण पाठ्यपुस्तकं खुली केली आहेत. श्रेय देऊन त्यांचं भाषांतर करायला परवानगी आहे. कुणाला पत्र लिहून विचारायचीही गरज नाही.

म्हणून प्राध्यापक मंडळींना सांगणं एवढंच. वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेल्या तुमच्या टिपणांवर मुक्त परवान्याची एक ओळ घाला आणि ती कॉलेजच्या ग्रंथपालाकडे द्या. नोंद करून, घटकवार लावून मुलांपर्यंत पोचवायचं काम आमची मंडळी करतील; ते त्यांना चांगलं जमतं.