रक्तगट विचारायचा राहून गेला

गुरुवार, ६ फेब्रुवारी २००३. डरहॅम, नॉर्थ कॅरोलिना.

ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात प्रतीक्षायादीवर एक नाव आहे: जेसिका सँटिलान. वय १७. मूळची मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातली. हृदयाच्या भिंती ताठर होत गेल्या आहेत आणि त्या दाबाने फुप्फुसांच्या रक्तवाहिन्याही खराब झाल्या आहेत. हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकदमच बदलावी लागणार. तीन वर्षे ती वाट पाहते आहे. उपचारांच्या खर्चासाठी नॉर्थ कॅरोलिनातल्या एका बांधकाम व्यावसायिकाने लोकांकडून निधी गोळा केला आहे. तिच्या कागदांवर रक्तगट स्वच्छ लिहिलेला आहे. ओ पॉझिटिव्ह.

गुरुवारची रात्र. इथे परभणीत शुक्रवारची सकाळ झालेली असते. आपले घड्याळ तिथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे.

न्यू इंग्लंड भागात एक दाता मेंदूमृत घोषित झाला आहे. त्याचा रक्तगट ए. अवयवांचे वाटप सांभाळणारी कॅरोलिना डोनर सर्व्हिसेस ही संस्था ड्यूकचे शल्यविशारद डॉ. जेम्स जॅगर्स यांना फोन करते. देऊ केलेले हृदय दुसऱ्याच एका रुग्णासाठी आहे. तो रुग्ण अजून शस्त्रक्रियेच्या स्थितीत नाही, असे जॅगर्स सांगतात. मग ते विचारतात, हे हृदय आणि फुप्फुसे जेसिकाला मिळू शकतील का?

पाहून सांगतो, असे उत्तर येते.

या दात्यासाठी संगणकाने काढलेल्या यादीत जेसिकाचे नाव नाही. यादी बरोबर आहे. ए गटाचा अवयव ओ गटाच्या माणसाला चालत नाही, म्हणून संगणकाने तिला आधीच वगळले आहे. पहिला इशारा हाच, आणि तो कागदावर आहे. फरक इतकाच की एखादे नाव यादीत नसणे हे डोळ्याला दिसत नाही. ते मुद्दाम शोधावे लागते.

त्याच रात्री, थोड्या वेळाने.

फोन परत येतो. अवयव जेसिकासाठी उपलब्ध आहेत. दात्याची उंची, वजन, मृत्यूचे कारण, हृदय कसे चालते आहे, याची माहिती दिली जाते. रक्तगटाबद्दल बोलणे झाल्याचे जॅगर्स यांना पुढे आठवत नाही. रुग्णाचे नाव दिले आहे, अवयव देऊ केले आहेत, म्हणजे गट जुळत असणारच, असे ते धरून चालतात. संस्थेच्या बाजूने पाहिले तर अवयव मागणारा स्वतः शल्यविशारद आहे. आपल्या रुग्णाचा गट त्याला ठाऊक असणारच.

दोन्ही बाजूंना दुसऱ्यावर विश्वास आहे. एक प्रश्न विचारायला पाच सेकंद पुरली असती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी. बोस्टन.

अवयव काढून आणण्यासाठी ड्यूकचे डॉ. शू लिन गेले आहेत. डरहॅमपासून हे अंतर सुमारे १,००० किलोमीटर. दात्याचा गट ए आहे हे त्यांना तिथे सांगितले जाते. जेसिकाचा गट मात्र त्यांना माहीत नाही, त्यामुळे ‘ए’ ऐकून थबकण्याचे त्यांना काही कारण नाही. ते जॅगर्स यांना एकाहून अधिक वेळा फोन करतात. बोलणे अवयवांच्या प्रकृतीचे होते, आणि अवयव उत्तम आहेत.

या घडीला सगळी माहिती हजर आहे. दात्याचा गट बोस्टनमध्ये, रुग्णाचा गट डरहॅममध्ये. दोन्ही अक्षरे एकाच माणसाच्या तोंडून एका वाक्यात आलेली नाहीत.

यानंतर घाई सुरू होते. शरीराबाहेर काढलेले हृदय बर्फात साधारण ४ तास टिकते, फुप्फुसे साधारण ६. काढल्यापासून विमान, रस्ता, शस्त्रक्रियागृह हे सगळे त्यातच बसवायचे. कुणी शंका काढायची तर ती आधीच काढायला हवी होती.

इथे जरा थांबून, जी तपासणी सगळे गृहीत धरून होते तिला किती वेळ लागतो ते पाहू. परभणीच्या जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत ती रोज होते. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब घ्यायचे. एकात निळे अँटी-ए द्रव्य, दुसऱ्यात पिवळे अँटी-बी. काडीने मिसळून टाइल हलके हलवायची. दोन मिनिटांच्या आत कळते: थेंब एकजीव राहिला तर त्या द्रव्याच्या नावाचा घटक (ए किंवा बी) रक्तात नाही, फुटलेल्या दुधासारखे कण धरले तर आहे. दोन्ही थेंब एकजीव राहिले की ओ.

पण जाणता तंत्रज्ञ तेवढ्यावर थांबत नाही. तो उलट तपासणीही करतो, म्हणजे रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशी टाकून पाहतो. याचे एक कारण आपल्या मुंबईतच सापडले आहे. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा माणसांची नोंद केली की ज्यांचे रक्त साध्या तपासणीत ओ दिसते, पण ज्यांना ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्यांच्या पेशींवर ‘एच’ हा पायाचा घटकच नसतो आणि रक्तद्रवात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. हाच बॉम्बे रक्तगट. एका बाजूने वाचलेला गट पुरेसा नसतो, हे त्यातून कळते.

नंतर क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त एकमेकांशी जुळते का ते पाहणे. त्याला पाऊण तासाच्या आसपास लागतो. गंगाखेडहून किंवा जिंतूरहून आलेला नातेवाईक रक्तपेढीच्या दारात उभा राहून ‘अजून किती वेळ?’ असे विचारतो तो हाच पाऊण तास. त्याची तगमग खरी असते. तरी तो वेळ वाया गेलेला नसतो.

शुक्रवार संध्याकाळ. डरहॅम.

अवयव पोचतात. पेटीसोबतच्या कागदांवर दात्याचा गट आहे. जेसिकाच्या कागदांवर तिचा. शस्त्रक्रियागृहात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारे असे सगळे हजर आहेत. दोन कागद शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, असा नियम त्या वेळी तिथे नाही.

जेसिकाचे स्वतःचे हृदय आणि फुप्फुसे काढली जातात. इथून माघार नाही.

शुक्रवार रात्र.

शस्त्रक्रिया संपत आली आहे. नवे हृदय जागेवर आहे. अशा वेळी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून फोन येतो: गट जुळत नाहीत.

परभणीत शनिवार उजाडलेला असतो.

जॅगर्स बाहेर येऊन आईवडिलांना चूक झाल्याचे सांगतात.

त्या क्षणी शरीरात काय चालू आहे ते सांगायला हवे, कारण ‘रिॲक्शन आली’ या दोन शब्दांत आपण ते उरकून टाकतो. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्हींविरुद्धची प्रतिद्रव्ये तान्हेपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. त्यासाठी आधी कधी दुसऱ्याचे रक्त घेतलेले असावे लागत नाही. ए गटाचा घटक फक्त तांबड्या पेशींवर नसतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतो. जेसिकाचे रक्त नव्या हृदयातून वाहू लागताच प्रतिद्रव्ये त्या अस्तराला चिकटतात, अस्तर सुजते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या धरतात आणि अवयवाला रक्त कमी पडू लागते. चुकीच्या गटाच्या रक्ताची पिशवी लावली तर हाच हल्ला तांबड्या पेशींवर होतो: थंडी वाजणे, कंबर दुखणे, लघवी लाल होणे, मूत्रपिंडे बंद पडणे. म्हणूनच रक्त सुरू झाल्यावर पहिली १५ मिनिटे सिस्टरने खाटेपासून हलायचे नसते. पिशवी निदान बंद तरी करता येते. शिवलेले हृदय बंद करता येत नाही.

८ ते १९ फेब्रुवारी.

रक्तद्रव बदलून प्रतिद्रव्ये काढली जातात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. तिला यंत्रांच्या आधारावर ठेवले आहे. दुसऱ्या अवयवांचा शोध सुरू आहे. बातमी देशभर पसरते.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

अवयव मिळतात. या वेळी गट जुळतो. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर तेराव्या दिवशी दुसरी होते. नवे हृदय चालू लागते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

मेंदूला सूज आणि रक्तस्राव.

शनिवार, २२ फेब्रुवारी, दुपारी १:२५. परभणीत रात्रीचे ११:५५.

जेसिका सँटिलान मृत घोषित.

डॉ. जॅगर्स यांनी शल्यविशारद म्हणून जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. ड्यूकच्या म्हणण्याप्रमाणे ही चूक डझनभराहून अधिक माणसांच्या नजरेतून सुटली होती. त्यांतला एकही बेफिकीर होता असे कुठे दिसत नाही, आणि मला या प्रकरणात सगळ्यात भीतिदायक वाटते ते हेच.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या अवयव वाटपाचे नियम बदलले. दात्याचा गट दोन वेगवेगळ्या नमुन्यांवरून ठरवायचा, दोन माणसांनी तो स्वतंत्रपणे पडताळायचा आणि प्रत्यारोपणाच्या आधी दाता आणि रुग्ण यांचे गट पुन्हा एकमेकांशी ताडून पाहायचे.

आपल्याकडे वॉर्डात पिशवी लावण्याआधीची पद्धत याच जातीची आहे. रुग्णाला स्वतःचे नाव सांगायला लावायचे. नाव आपण घेऊन ‘हो ना?’ म्हणायचे नाही, कारण ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. मग पिशवीचा क्रमांक, गट, मुदत आणि क्रॉसमॅचचा कागद दोघांनी मिळून वाचायचा. रात्रपाळीला पन्नास खाटांमागे एकच सिस्टर असेल, तर त्यातला दुसरा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न ज्यांनी सोडवायचा ते त्या वॉर्डात नसतात.