डब्यातला हाली पैसा

आमच्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात सुपारी कधीच नसे. मधोमध भोक असलेले दोन पैंचे एक नाणे, चारमिनाराची छाप असलेला एक रुपया, आजोबांच्या टाकाचे निब, निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा आणि फसली १३५६ सालची एक उर्दू पावती, एवढाच त्यातला ऐवज. तिला कोणी संग्राहक म्हटले असते तर ती हसली असती.

जालन्याचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता (स्वतंत्र जिल्हा म्हणून जालना अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी). या राज्याचे चलन वेगळे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब जुन्या पिढीच्या तोंडी असे. चारमिनाराच्या कमानीत कोरलेले ‘ऐन’ हे अक्षर उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर आहे. १९५१ नंतर हाली नाणी पाडली गेली नाहीत आणि १९५९ मध्ये ती चलनातून कायमची बाद झाली. बाजारात ज्याचे मीठही येईनासे झाले, ते नाणे घराने मात्र जपले. इतिहासाच्या पुस्तकात विलीनीकरण एका परिच्छेदात आटोपते. घराघरांत ते अकरा वर्षे रेंगाळले होते, हे मला त्या डब्याने शिकवले.

याच जिल्ह्यातल्या भोकरदनची गोष्ट याहून फार जुनी आहे. सांची व भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धनाच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. ते भोगवर्धन म्हणजे हे गाव. १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे अमेदेओ माइउरी यांना एका घरात जेमतेम वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते घर आज भारतीय मूर्तीचे घर म्हणूनच ओळखले जाते. मूर्तीला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला. ती यक्षी असावी असे मानणारेही अभ्यासक आहेत, आणि मला त्यांचेच म्हणणे पटते. आरंभी ती मथुरेची मानली गेली. पुढे भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती शिल्पे मिळाली आणि म. के. ढवळीकरांनी तिचे माहेर भोकरदन असावे असे मत मांडले. ती आरशाची मूठ होती की आसनाचा पाय, याविषयी वाद आहे. मला मात्र कुतूहल आहे ते त्या घरातल्या माणसांचे. समुद्रापलीकडून आलेली ही परक्या देशाची बाई त्यांनी कशासाठी ठेवून घेतली असेल?

अशीच एक हस्तिदंती पुतळी धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही मिळाली. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधले तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू, म्हणजे मृण्मूर्ती, मणी, नाणी, खापरे, वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांच्या नावाने आज तेरला शासकीय संग्रहालय आहे. लामतुऱ्यांच्या संग्रहाचे मोल केवळ त्यातील वस्तूंच्या संख्येत किंवा सौंदर्यात नाही. त्या वस्तू तेरच्या आहेत, हे निश्चित ठाऊक आहे, यात ते आहे. पाँपेईच्या मूर्तीचे गाव शोधताना तज्ज्ञांची मते कशी बदलली हे आठवले की या साध्या माहितीची किंमत कळते. जुन्या बाजारात किलोवर जाणारी पितळेची समई किंवा अडकित्ता विकत घेणाऱ्याला वस्तू मिळते, तिचे गाव मिळत नाही. हौशी संग्राहकांच्या दिवाणखान्यांत मांडलेल्या अशा वस्तू पाहताना मला म्हणूनच थोडे अवघडल्यासारखे होते.

वाटणीत तो डबा कोणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. पावती एका वृद्ध उर्दू शिक्षकांकडून वाचून घेतली, शेतसाऱ्याची निघाली. नाण्यांची सालेही लागली. निळी बांगडी कोणाची, हे विचारायला आता आजी नाही.